घरच्या माहितीला घरचे कोठार

१९९८ साली अमेरिकेतील पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम जोरात सुरू होते. एके दिवशी कोणीतरी फाइली पुसण्याची आज्ञा चुकीच्या जागी दिली आणि पात्रांच्या फाइली एकामागून एक नाहीशा होऊ लागल्या. घाईघाईने यंत्रे बंद करेपर्यंत बहुतांश काम पुसले गेले होते. बॅकअप आहेच, असा सर्वांचा समज होता. प्रत्यक्षात तो नीट होत नव्हता आणि ही गोष्ट कोणी तपासूनही पाहिली नव्हती.

चित्रपट वाचवला तो एका घरातील संगणकाने. गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिका बाळंतपणानंतर घरून काम करीत होत्या आणि त्यासाठी चित्रपटाच्या फाइलींची प्रत त्यांच्या घरी होती. तो संगणक ब्लँकेटमध्ये गुंडाळून, मोटारीच्या आसनाला पट्ट्याने बांधून स्टुडिओत नेण्यात आला. पुढे १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये चित्रपट प्रदर्शित झाला.

तंत्रज्ञांची फौज पदरी असलेल्या स्टुडिओची ही गत, तर सामान्य घरातील संगणकांविषयी काय बोलावे? या प्रसंगातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, माहितीची प्रत दुसऱ्या ठिकाणी असली पाहिजे. दोन, जी प्रत कधी उघडून पाहिलेली नाही, ती प्रत आहे असे समजू नये. घरी स्टोअरेज सर्व्हर उभारू इच्छिणाऱ्याने यंत्रांच्या किमती पाहण्यापूर्वी या दोन गोष्टी मनाशी पक्क्या केलेल्या बऱ्या.

गरज का भासते?

पूर्वी घरातील कागदपत्रे लोखंडी कपाटात आणि छायाचित्रे अल्बममध्ये असत. आज मुलांचे बारसे, आजी-आजोबांचा ध्वनिमुद्रित आवाज, स्कॅन केलेला सात-बारा, विम्याची कागदपत्रे, प्राप्तिकराची विवरणपत्रे, असे सारे संगणकात आणि मोबाइलमध्ये असते. एका घरात दोन लॅपटॉप, एक जुना डेस्कटॉप आणि चार मोबाइल असणे आता नवलाचे नाही. माहिती मात्र या सात ठिकाणी विखुरलेली असते आणि तिचा सांभाळ करणारा कोणीच नसतो.

इंटरनेटवरील साठवणुकीचा पर्याय आहे. पण त्याला मासिक भाडे आहे. गुगल फोटोज या सेवेतील अमर्याद मोफत साठवणूक १ जून २०२१ पासून बंद झाली, तेव्हा अनेक घरांना याची पहिल्यांदा जाणीव झाली.

हार्ड डिस्क हे यंत्र आहे आणि यंत्र कधी ना कधी बंद पडतेच. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्या केंद्रांतील लाखो हार्ड डिस्कची आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध करते. २०२३ मध्ये त्यांपैकी बंद पडण्याचे प्रमाण सुमारे १.७ टक्के होते. हा आकडा थंड, धूळमुक्त खोल्यांतील आहे. प्रवासात आदळणाऱ्या लॅपटॉपला तेवढे सुख नसते. शिवाय चोरी, चहाचा सांडलेला कप आणि चुकून दाबलेले 'डिलीट' यांचा या आकड्यात समावेश नाही.

सर्व्हर म्हणजे नेमके काय?

सर्व्हर हा शब्द ऐकला की मोठ्या कार्यालयातील थंडगार खोली डोळ्यांसमोर येते. घरचा स्टोअरेज सर्व्हर इतका भारदस्त नसतो. राउटरला केबलने जोडलेला, एक-दोन मोठ्या हार्ड डिस्क असलेला, पडदा आणि कीबोर्डविना चालणारा संगणक, एवढीच त्याची व्याख्या. घरातील बाकीचे संगणक नेटवर्कवरून आपापल्या फाइलींच्या प्रती त्याच्याकडे पाठवतात.

तो दोन प्रकारे मिळवता येतो. पहिला प्रकार तयार पेटीचा. नेटवर्क अटॅच्ड स्टोअरेज, म्हणजेच 'नॅस' या नावाने त्या बाजारात मिळतात. सिनॉलॉजी, क्यूनॅप, असुस्टोर आदी कंपन्या त्या बनवतात. दोन डिस्क मावणारी पेटी घराला पुरेशी होते. डिस्क बहुधा वेगळ्या विकत घ्याव्या लागतात, हे अंदाजपत्रक करताना विसरू नये.

दुसरा प्रकार जुन्या संगणकाचा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ज्यांच्यावर चालत नाही, असे कित्येक धडधाकट संगणक त्यामुळे अडगळीत जाण्याच्या वाटेवर आहेत. त्यांना सर्व्हर म्हणून दुसरा जन्म देता येतो. त्यासाठी ओपनमीडियाव्हॉल्ट आणि ट्रूनॅस ही मोफत सॉफ्टवेअर प्रसिद्ध आहेत. पहिले डेबियन लिनक्सवर आधारलेले असून साध्या यंत्रावरही चालते. दुसऱ्याची परंपरा २००५ साली सुरू झालेल्या फ्रीनॅसपर्यंत जाते. ते अधिक समर्थ आहे; मात्र त्याला किमान ८ जीबी मेमरी लागते.

जुना संगणक फुकट असला तरी त्याचे वीजबिल फुकट नसते. ५० वॅट घेणारा डेस्कटॉप अहोरात्र चालला तर महिन्याला ३६ युनिट जळतात. १५ वॅटची नॅस पेटी सुमारे ११ युनिटमध्ये भागवते. युनिटला १० रुपये धरले, तर वर्षाला ३ हजार रुपयांचा फरक पडतो. अर्थात बॅकअपसाठी सर्व्हर चोवीस तास चालू असण्याची गरजही नाही. रात्री चार तासच चालवला, तर तोच डेस्कटॉप महिन्याला ६ युनिटवर येतो.

जागा किती, वेळ किती?

डिस्क घेण्यापूर्वी घरातील माहितीची मोजदाद करावी. सरासरी ४ एमबीची २५ हजार छायाचित्रे म्हणजे १०० जीबी. चित्रफितीच्या एका मिनिटाला १०० एमबी धरले, तर ५० तासांचे चित्रण ३०० जीबी भरते. कागदपत्रे या हिशेबात नगण्य ठरतात. एकूण जेवढी भरेल, त्याच्या किमान दुप्पट क्षमतेची डिस्क घ्यावी. कारण सर्व्हरवर आजच्या फाइलींबरोबर त्यांच्या जुन्या आवृत्त्याही ठेवायच्या असतात.

डिस्क घेताना ती सीएमआर पद्धतीची आहे ना, हे विचारून घ्यावे. दुसऱ्या, म्हणजे एसएमआर पद्धतीत माहितीच्या रेषा छपरावरील कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. त्यामुळे कमी जागेत जास्त माहिती मावते. पण मधले एक कौल बदलायचे तर शेजारचीही हलवावी लागतात, तसे या डिस्कचे होते. मोठे लेखन सलग सुरू झाले की तिचा वेग कोसळतो.

पहिला बॅकअप सर्वांत मोठा असतो. सर्व्हर आणि संगणक दोन्ही गिगाबिट केबलने राउटरला जोडलेले असतील, तर १ टेराबाइट माहिती अडीच-तीन तासांत जाते. राउटर जुना, १०० मेगाबिटचा असेल, तर त्याच कामाला एक दिवस लागतो. वायफायचा वेग घरातील भिंतींवर अवलंबून असतो. म्हणून पहिली प्रत केबल लावूनच घ्यावी. त्यानंतर रोज फक्त बदललेल्या फाइली जातात आणि ते काम वायफायवर मिनिटांत उरकते.

जोडणी क्रमाने

१. सर्व्हरचे सॉफ्टवेअर वेगळ्या लहान डिस्कवर बसवावे. माहितीच्या मोठ्या डिस्क त्यापासून स्वतंत्र ठेवाव्यात. सॉफ्टवेअर बिघडले तरी माहितीला धक्का लागत नाही.

२. सॉफ्टवेअर बसवताना निवडलेल्या डिस्कवरील सर्व काही पुसले जाते. जुन्या संगणकातील फाइली आधी बाहेर काढाव्यात आणि माहितीच्या डिस्कची केबल त्या वेळेपुरती काढून ठेवावी.

३. सर्व्हर सुरू झाला की पुढची कामे दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून करता येतात. सॉफ्टवेअरबरोबर आलेला पासवर्ड सर्वांत आधी बदलावा. तो साऱ्या जगाला ठाऊक असतो.

४. राउटरमध्ये सर्व्हरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवावा. तो पत्ता बदलत राहिला, तर बॅकअप मुकाट्याने थांबतो आणि महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

५. घरातील प्रत्येकासाठी स्वतंत्र खाते आणि स्वतंत्र फोल्डर करावे. पासवर्डविना प्रवेश बंद ठेवावा.

६. संगणकांवर बॅकअपचे सॉफ्टवेअर लावावे. ॲपलच्या संगणकांवर टाइम मशीन आणि विंडोजवर फाइल हिस्टरी ही सोय मुळातच असते. दोन्हींना नेटवर्कवरील सर्व्हर चालतो. फाइल हिस्टरी ठरावीक फोल्डरच सांभाळते. महत्त्वाच्या फाइली 'डी' ड्राइव्हवर असतील, तर ते फोल्डर तिच्या यादीत आणावे लागतात.

७. डिस्कच्या स्वपरीक्षणाचा दिवस ठरवून द्यावा आणि बिघाडाची सूचना ईमेलने येईल अशी व्यवस्था करावी. सर्व्हर माळ्यावर किंवा टीव्हीमागे असतो. त्याचा लाल दिवा पाहायला कोणी जात नाही.

आरसा म्हणजे बॅकअप नव्हे

दोन डिस्कच्या सर्व्हरमध्ये 'रेड १' नावाची सोय असते. एका डिस्कवर लिहिलेले अक्षर त्याच क्षणी दुसरीवरही लिहिले जाते. एक बंद पडली तरी दुसरीवर काम सुरू राहते. अशा मांडणीची कल्पना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या संशोधकांनी १९८८ च्या एका निबंधात मांडली, तेव्हापासून 'रेड' हे नाव रूढ झाले.

येथेच बहुतेकांची गफलत होते. आरशासमोर उभे राहून टोपी काढली की आरशातील टोपीही जाते. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. व्हायरसने बिघडवलेली फाइल दोन्हीकडे बिघडलेलीच उमटते. विजेच्या एका झटक्याने दोन्ही डिस्क एकदम जळू शकतात. आरसा फक्त एका डिस्कच्या मृत्यूपासून वाचवतो. माणसाच्या चुकीपासून नाही.

माणसाच्या चुकीवरचा उपाय वेगळा आहे. ट्रूनॅसमध्ये असलेली झेडएफएस ही फाइल प्रणाली ठरावीक वेळाने 'स्नॅपशॉट' घेते. मंगळवारी संध्याकाळी फोल्डर जसे होते, तसे ते शुक्रवारी पुन्हा पाहता येते. फक्त बदललेला भाग साठवला जात असल्याने जागाही कमी लागते. तयार पेट्यांच्या अनेक मॉडेलमध्ये आणि ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये बीटीआरएफएस प्रणालीद्वारे हीच सोय मिळते. पैसे मोजकेच असतील, तर दुसरी डिस्क आरशासाठी लावण्यापेक्षा ती स्वतंत्र ठेवून तिच्यावर रोज रात्री प्रत उतरवणे घरासाठी अधिक उपयोगाचे ठरते.

दार कोणासाठी उघडावे?

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर व्हायरसने जगभर हाहाकार माजवला. दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फाइली कुलूपबंद झाल्या. नेटवर्कवर फाइली वाटून घेण्याच्या विंडोजच्या जुन्या पद्धतीतील एका छिद्रातून तो पसरला होता. ते छिद्र बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, ते सापडले.

असा व्हायरस एका लॅपटॉपमध्ये शिरला, की त्या लॅपटॉपला जेथे लिहिण्याची मुभा आहे, तेथील सर्व फाइलींवर तो हात मारतो. सर्व्हरचे फोल्डर संगणकावर कायम ड्राइव्ह म्हणून जोडलेले असेल, तर बॅकअपही त्याच्या तावडीत जातो. म्हणून बॅकअपच्या फोल्डरचे खाते रोजच्या वापरातील खात्याहून वेगळे असावे. त्याचा पासवर्ड फक्त बॅकअपच्या सॉफ्टवेअरला द्यावा. स्नॅपशॉट पुसण्याचा अधिकार कोणत्याही लॅपटॉपला असू नये.

घराबाहेरूनही सर्व्हर पाहता यावा, हा मोह अनेकांना होतो. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' या इंटरनेटला जोडलेल्या डिस्क बाहेरून कोणीतरी पुसून टाकल्या. अनेकांची वर्षानुवर्षांची साठवण एका रात्रीत गेली. त्या यंत्रांसाठी सुरक्षेच्या सुधारणा २०१५ पासूनच बंद झाल्या होत्या. जानेवारी २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' या खंडणीखोराने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप पेट्यांना लक्ष्य केले.

बॅकअपच्या सर्व्हरला बाहेरच्या जगाची गरज नसते. राउटरमध्ये त्याच्यासाठी दार उघडू नये. भारतातील अनेक ब्रॉडबँड कंपन्या ग्राहकाला इंटरनेटवरील स्वतंत्र पत्ता देतच नाहीत, त्यामुळे हे दार पुष्कळदा उघडतही नाही. प्रवासात फाइली लागणारच असतील, तर वायरगार्डसारख्या व्हीपीएनचा बंदिस्त मार्ग वापरावा.

वीज आणि पाऊस

लिहिणे सुरू असताना वीज गेली, तर फाइल अर्धवट राहू शकते आणि प्रसंगी डिस्कची अनुक्रमणिकाच बिघडते. भारनियमन आणि पावसाळ्यातील खंडित वीजपुरवठा महाराष्ट्राला नवा नाही. त्यामुळे सर्व्हरला यूपीएस हवाच. यूएसबी केबलने सर्व्हरशी बोलणारा यूपीएस निवडल्यास वीज गेल्यावर काही मिनिटांत सर्व्हर स्वतःहून शिस्तीत बंद होतो. घरात कोणी नसताना ही सोय मोलाची ठरते.

मात्र काही संकटांपुढे यूपीएसही हात टेकतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि तळमजल्यावरील असंख्य घरे पाण्यात गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीने महापूर पाहिला. अशा वेळी लॅपटॉप, सर्व्हर आणि कपाटातील डिस्क एकाच पाण्यात बुडतात. तीन प्रती असूनही एक उरत नाही.

तिसरी प्रत परगावी

यासाठीच '३-२-१' हा नियम सांगितला जातो. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या लेखनामुळे तो सर्वतोमुखी झाला. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी, असा तो नियम आहे. लॅपटॉपमधील मूळ फाइल ही पहिली, सर्व्हरवरील दुसरी. तिसरीचा प्रश्न प्रत्येक घराने आपल्या सोयीने सोडवावा.

ती इंटरनेटवरून पाठवायची, तर वेळेचा हिशेब करावा. अपलोडचा वेग २० मेगाबिट असेल, तर १ टेराबाइट जायला साडेचार दिवसांहून अधिक काळ लागतो. त्यापेक्षा एक पोर्टेबल डिस्क घेऊन तिच्यावर प्रत उतरवावी आणि ती नाशिकला राहणाऱ्या बहिणीकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुटीत जाताना दुसरी डिस्क न्यायची आणि जुनी परत आणायची. अशी डिस्क कोणाच्याही हाती पडू शकते. म्हणून तिच्यावरील माहिती सांकेतिक कुलपात ठेवावी. त्या कुलपाचा पासवर्ड हरवला, तर माहिती घरमालकालाही परत मिळत नाही, याचे भान राखावे.

पासवर्डचा प्रश्न आणखी एका कारणाने नाजूक आहे. बहुतेक घरांत ही सारी व्यवस्था एकच व्यक्ती उभारते आणि तिलाच ती कळते. उद्या ती व्यक्ती रुग्णालयात असली किंवा नसलीच, तर सर्व्हर ही घरच्यांसाठी एक मुकी पेटी होते. विम्याची कागदपत्रे, मुलांची छायाचित्रे, सारे आत असूनही हाती लागत नाही. सर्व्हर कोठे आहे, तो कसा उघडायचा, पासवर्ड काय आणि तिसरी डिस्क कोणाकडे आहे, हे एका कागदावर साध्या मराठीत लिहून घराच्या कागदपत्रांसोबत ठेवावे. या कागदाइतके महत्त्वाचे सुटे भाग सर्व्हरमध्ये फारसे नाहीत.

परीक्षा प्रतीची

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणक कंपनीत एका तंत्रज्ञाकडून चुकून मुख्य माहितीसाठा पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती योजलेल्या असूनही ऐनवेळी त्यांपैकी एकीवरही विसंबता आले नाही. अन्य कामासाठी सहा तासांपूर्वी काढलेल्या एका प्रतीने अखेर लाज राखली. पिक्सारमधील घटनेला तोवर दोन दशके होत आली होती. चूक तीच होती.

घरात ही परीक्षा अवघड नाही. सर्व्हरवरून चार-पाच फाइली निवडाव्यात. त्यांत एक जुने छायाचित्र, एक चित्रफीत आणि एक कागदपत्र असावे. त्या मूळ जागी न टाकता दुसऱ्याच संगणकावर उतरवाव्यात आणि उघडून पाहाव्यात. चित्रफीत शेवटपर्यंत चालते का, कागदपत्राची सर्व पाने दिसतात का, हे तपासावे. वर्षातून एकदा हे काम सर्व्हर उभारणाऱ्याने न करता, त्या कागदावरील सूचना वाचून घरातील दुसऱ्या कोणीतरी करावे. तो अडला, तर सूचना अपुऱ्या आहेत असे समजावे.

बैल गेल्यावर झोपा करण्यात अर्थ नसतो. खंडेनवमीला घरोघरी अवजारे आणि यंत्रे पुसून त्यांची पूजा होते. लॅपटॉपवरही आता झेंडूची फुले वाहिली जातात. त्याच दिवशी पाच मिनिटे काढून सर्व्हरवरची एक जुनी फाइल परत उतरवून पाहावी. ती उघडली, तर कोठार शाबूत आहे. ती उघडली नाही, तरी मूळ फाइल अजून हाताशी असताना ते कळले, हेही थोडे नव्हे.